सुई की गोळी, हे मला विचारलं

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज सेवानिवृत्त होत असलेल्या नाझनीन सिस्टर, आणि समोर बसलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो,

मी सूर्यभान, तिसगावचा. शिक्षण सातवी नापास. पेशंटच्या वतीनं बोला म्हणाले, म्हणून उभा आहे. माईक चालू आहे ना? आवाज कापतोय, तो माझाच.

या रुग्णालयात मला टेम्पोतून, चऱ्हाटानं बांधून आणलं होतं. डोकं फिरलं होतं. सिस्टर जवळ आल्या, तर मी त्यांच्या तोंडावर थुंकलो. त्यांच्या धर्मावरून जे बोललो, ते इथं उच्चारवत नाही. ते आजारानं बोलवलं, असं डॉक्टर म्हणतात. पण तोंड तर माझंच होतं ना?

पुतण्या हनुमंत म्हणाला, "टोचा बाई, याड्याला काय इचारायचं!"

सिस्टर तोंड पुसत म्हणाल्या, "पेशंट माझा आहे. तुम्ही बाहेर चहा प्या." मग मला म्हणाल्या, "बाबा, सुई घेता की जिभेवर विरघळणारी गोळी? तुम्ही म्हणाल ते."

किती दिवसांनी मला कुणी काही विचारलं होतं! मी गोळी म्हणालो.

डॉक्टरांनी विचारलं, "घरून काही औषध दिलंय?" सगळे म्हणाले, न्हाई. पण माझे डोळे मिटत होते, ते सिस्टरांनी पाहिलं. त्यांनी आमच्या मंडळींना, दगडाबाईला, पडद्याआड नेलं. चार पाहुण्यांत कोणती बाई कबूल करेल की नवऱ्याला गुंगी दिली? तिथं ती रडली, "शेजारनीच्या झोपंच्या गोळ्या चहात घातल्या. ह्यास्नी सांगू नगा." मी बरा झाल्यावर हे तिनंच मला सांगितलं.

डॉक्टरांनी द्यायचं औषध थांबवलं. आधी श्वास, नाडी, बीपी पाहिलं, मग बेतानं दिलं. झोपेच्या गोळ्यांवर पुरा डोस गेला असता तर श्वास अडकला असता, असं नंतर कळलं.

दगडाबाई, मान खाली घालू नकोस. ती मला घालू दे.

सिस्टर, तुमच्या निरोपाला गोड बोलावं, पण मला भीती वाटते. हा आजार परत येतो म्हणतात. उद्या मला पुन्हा बांधून आणलं, तर कोण विचारणार? आरती सिस्टर, तुम्ही यांच्या जागी येताय. मी थुंकेन, शिव्या देईन. तरी एकदा विचारा. आणि दगडाबाई, चहात काय घातलं ते यांना आधी सांग.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात चुकलं ते पोटात घाला. आणि पुढं जे चुकेल, त्याचीही माफी आजच मागून ठेवतो. आज मी शुद्धीत आहे.