डब्यात काय आहे

बसा हो साहेब, ऑर्डर काही पळून जात नाही. त्या खुर्चीवर नको, इकडे स्टुलावर बसा — ती खुर्ची तुमच्याच कोटिंगची आहे, आमच्या सासूबाई तिच्यावरून दोनदा घसरल्यात. हे म्हणतात, ह्या कोटिंगवर पाणी टिकत नाही, तेल टिकत नाही, आणि आता तर माझी आईही टिकत नाही. हसा की, हसायला काही लागत नाही. हे ना? हे येतील इतक्यात. टेबल पोचवायला गेलेत. तुम्हाला फोनवर म्हटलं ना, मोठी ऑर्डर आहे, समोरासमोरच बोलू — म्हणून तर मुद्दाम बोलावून घेतलं. चहा टाकलाय मी. नको कसं? एवढ्या उन्हातून आलात, घोटभर घेतल्याशिवाय मी सोडायची नाही.

खरं सांगू का, तुमचा माल आला आणि आमचं हे दुकान माणसांत आलं. मी तोंडावर गोड बोलणारी बाई नाही हं, ह्यांना विचारा, मी तोंडाची किती फटकळ आहे ते. पण आधी काय होतं आमच्याकडे? लाखेचं पॉलिश. कापडाचा बोळा करायचा, घासायचं, वाळवायचं, परत घासायचं, परत वाळवायचं. ह्यांची नखं बारा महिने तपकिरी. पाव्हण्यांत गेले की हात खिशात घालून बसायचे. आणि इतकं मरमर मरून, गिऱ्हाइकानं गरम कप ठेवला की उठलाच पांढरा गोल टेबलावर. मग ते तो गोल दाखवायला येणार, आणि हे मान खाली घालून ऐकून घेणार — जसा काही कप ह्यांनीच ठेवला होता. तुम्ही पहिल्यांदा आलात ना, बॅगेतून ती फळी काढलीत आणि वर पाण्याचा थेंब सोडलात — तो थेंब फळीवर बसेचना, नुसता इकडून तिकडे पळतोय. हे बघतच राहिले. तुम्ही गेल्यावर संबंध संध्याकाळ ती फळी तिरकी करकरून थेंब पळवत बसले होते. मी जेवायला हाका मारून दमले. तुमचं नावच पाडलं त्यांनी, थेंबवाले साहेब. रागावू नका, प्रेमानं म्हणतात.

आणि तुम्ही तो पेला आतून कोटिंग मारून आणला होता, त्यातून पाणी प्यालात आमच्यासमोर — आठवतंय? घटाघटा प्यालात. मी ह्यांना म्हटलं, बघा, माणूस स्वतः पितोय, म्हणजे ह्यात काही वाकडं नाही. मी म्हटलं. हे थोडे का-कू करत होते खरं तर, नवीन काही घ्यायचं म्हटलं की आधी नकोच म्हणतात. मीच मागे लागले.

तर, मला विचारायचं होतं — अगदी सहज हं — ह्या डब्यात असतं काय? नाही, मला काय करायचंय, नवीन गिऱ्हाईक विचारतंय. मोठं आहे ना, चौकस आहे. डब्यावर बघावं तर थेंबाचं चित्र, हसणारे आईबाप, मधे एक पोर, 'वाळल्यानंतर सर्वांसाठी सुरक्षित', आणि खाली 'विशेष मिश्रण'. आता विशेष म्हणजे काय? मीही पाहुण्यांना म्हणते, विशेष चहा केलाय, पण कुणी विचारलं तर सांगते की बाई, दूध जरा जास्त घातलंय. लपवण्यासारखं काय त्यात? — हो, कंपनीचं गुपित, ते मला ठाऊक आहे, हेल्पलाइनवरची मुलगीही हेच म्हणाली. फार गोड बोलते हो ती. लेखी अर्ज करा म्हणाली, वरून उत्तर येईल, नाहीतर तुमच्या भागातल्या प्रतिनिधींना विचारा म्हणाली — हो, केला होता मी फोन. असाच. दोन-तीनदा केला. गिऱ्हाईक फार मागे लागलंय ना.

तुम्ही नुसती नावं सांगा, मी कुठे बोलायची नाही. मुख्य काय आहे तेवढंच सांगा. लवकर सांगितलंत तर बरं होईल, मला चारच्या आत पोचायचंय, चारलाच भेटायला सोडतात, आणि एकदा दार लावलं की मग कितीही — कुठे म्हणजे? नाही, ते आपलं — हो, टेबल पोचवायला गेलेत असं म्हटलं होतं मी. म्हटलं होतं.

बरं. टेबल कुठे गेलेलं नाही. ते बघा, तुमच्या पाठीमागे चादरीखाली आहे तेच. आणि हे हॉस्पिटलात आहेत. थांबा, उठू नका, तुमच्या पाया पडते, उठू नका. मला भांडायचं नाहीये. भांडायला बोलावलं असतं तर दीर आला असता, गल्लीतली चार माणसं असती. मी एकटी आहे. सासूबाई आतल्या खोलीत आहेत, त्यांना ऐकू येत नाही. मी त्यांना सांगितलंय की तो बाहेरगावी कामाला गेलाय. ऑर्डर-बिर्डर काही नाही साहेब. तुम्ही आला नसतात म्हणून खोटं बोलले.

ऐका तरी. ते टेबल एका ऑफिसचं, मीटिंगचं, हे एवढं लांब. ह्यांनी मागच्या खोलीत घेतलं. आधी कापडानं लावायचे हे, डब्यावर कापडाचंच चित्र आहे. पण तुम्ही मागल्या खेपेला म्हणालात ना, गननं मारा, फवाऱ्यानं, माल अर्धा लागतो आणि काम बघा कसं काचेसारखं होतं — तुम्हीच म्हणालात, मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते तेव्हा. मी तक्रार करत नाहीये, झालं ते सांगतेय. आणि पॉलिशवाल्याची एक सवय तुम्हाला ठाऊक नसेल. ओल्या थरावर धुळीचा कण बसला की काम गेलं. म्हणून पॉलिश करताना पंखा बंद, खिडक्या बंद, दार बंद. ह्यांच्या वडिलांपासून तसंच. लाखेला काही होत नाही हो त्यानं, फार तर डोकं जड होतं. तर ह्यांनी खिडक्या लावल्या. आणि दाराच्या खालून वारा यायचा, तिथे फडकं ओलं करून मी सरकवलं. मी माझ्या हातानं सरकवलं. बाहेरून नीट दाबून बसवलं, कुठे फट राहिली नाही ना ते वाकून बघितलं. आणि मग गॅसपाशी जाऊन उभी राहिले, गाणं म्हणत होते मी तेव्हा.

हे बाहेर आले तेव्हा म्हणाले, छातीत जरा जड वाटतंय. मला वाटलं सर्दी असेल. मी म्हटलं, काम झालं ना, पडा थोडं. टेबल झालं म्हणून खुशीत होते. मग बघते तर चहाचा कप हातात तसाच, दोन शब्द बोलतात आणि थांबतात, दोन शब्द बोलतात आणि थांबतात. ओठ निळसर व्हायला लागले. शेजारच्यांनी गाडी काढली म्हणून पोचलो तरी. आता घशात नळी आहे. बोलता येत नाही. काल डोळे उघडले, मला बघितलं, आणि हात उचलून असा सपाट फिरवला हवेत. मला कळेचना आधी. मग कळलं, टेबल कसं झालंय ते विचारतायत. मी म्हटलं, झकास झालंय. आणि खरंच झालंय हो, ती चादर वर करून बघा, नुसता आरसा आहे. धुळीचा एक कण नाही.

मला तुमचा माल वाईट म्हणायचाच नाहीये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्यांच्या घशात जी नळी आहे तिलाही आतून म्हणे असलाच कसला तरी पातळ थर असतो, जंतू बसू नयेत म्हणून. म्हणजे चांगलंच असणार ते. त्या थरानंच कदाचित हे वाचतील, मी कशाला नावं ठेवू? पण त्या नळीत काय आहे ते डॉक्टरीणबाईंना ठाऊक आहे. डब्यात काय आहे ते ठाऊक नाही. मी डबा पिशवीत घालून घेऊन गेले त्यांच्याकडे, त्यांनी उलटासुलटा करून बघितला आणि मलाच विचारलं, काय आहे ह्यात? — ह्यांच्या फुफ्फुसात काय गेलंय ते कळलं नाही तर मी अंधारात चाचपडतेय बाई, एका गोष्टीला जे औषध चालतं ते दुसरीला उलट पडू शकतं. असं म्हणाल्या त्या. आता मी त्यांना काय सांगू? विशेष मिश्रण?

कंपनीला काही होणार नाही, मी शब्द देते. तुमच्या नोकरीलाही काही होणार नाही. तुम्ही म्हणाल ते सांगते. म्हणते की साहेबांनी खिडक्या उघड्या ठेवायला बजावलं होतं, आम्हीच ऐकलं नाही. म्हणते की गन आमच्याच डोक्यातून निघाली. आमचीच चूक, आम्हीच अडाणी — लिहून देते, अंगठा नको, सही येते मला. तुमच्याही घरी कुणी असेल ना तुमची वाट बघणारं? तुम्ही नुसते मोबाइलकडे बघत बसू नका हो. काहीतरी बोला. मघापासून मी एकटीच बडबडतेय, तोंड दुखायला लागलं माझं, पण थांबले की मला त्या नळीचा आवाज ऐकू येतो.

नाही ठाऊक? तुम्हाला नाही ठाऊक? इतकं प्रशिक्षण घेऊन आलात, पेल्यातून पाणी पिऊन दाखवता, आणि आत काय आहे ते — बरं, कंपनीत पिंपं येतात, त्यातून डबे भरतात, तुम्ही नुसते विकता. मान्य. काय म्हणालात? पाण्यासारखंच आहे? निरुपद्रवी आहे, ह्यांना आधीचंच काहीतरी असेल छातीचं?

बरं. तुम्ही म्हणता तर असेल. मग एक करू या. ही ह्यांची गन. गनच्या कपात उरलंय बघा थोडं. ही फळी पडलीये, हिच्यावर एक हात मारून बघते, तेवढंच मला कळेल की मी उगाच घाबरले. बसा, बसा, तुम्हाला कशाला उठायला हवं. खिडकी ओढून घेते. धूळ नको ना. कंप्रेसर जरा घरघरतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. हं. अशी धरतात ना ती? हे असं अंतर ठेवून धरायचे. मारते हं.

साहेब, रुमाल कशाला लावलात नाकाला?

मी अजून खटका दाबलेला नाही. आणि दाराकडे काय सरकताय, दाराला कडी नाही, ढकललं की उघडतं. जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण रुमाल का लावलात तेवढं सांगून जा. पाण्यासारखं आहे ना? वास येत नाही, रंग नाही, निरुपद्रवी आहे. मग?

पाणीच आहे हे. नळाचं. सकाळी मी गन तीनदा धुतली आणि भरून ठेवली. बघा, माझ्या तोंडावर मारून घेते — बघा — पाणी आहे. पलीकडे शेजारची पोरं खेळतायत, आत म्हातारी आहे, मी ते परत ह्या घरात मारीन होय? पण तुम्हाला कुठे ठाऊक होतं ते पाणी आहे म्हणून? तुमच्या तोंडाला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं, साहेब, आणि तुमच्या हाताला बरोबर ठाऊक होतं.

रडत नाहीये मी, ते पाणी आहे म्हटलं ना. खिडकी उघडते, थांबा. बसा. चहा निवला, दुसरा टाकेन. असे पांढरे पडू नका, मी तुमचं कुणाला काही सांगणार नाही. मला तुम्हाला पकडायचं नव्हतं हो. मला नावं हवी आहेत. फक्त नावं.

मला सांगू नका. मला ती धड उच्चारता यायची नाहीत, आणि माझ्या तोंडून एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर — नको. डॉक्टरीणबाईंनी नंबर दिलाय, कधीही करा म्हणाल्या. लागतोय बघा. वाजतोय. — हॅलो. हो बाई, मीच, त्यांची बायको. कसे आहेत? बरं. बरं, हो. इथे कंपनीचे साहेब बसलेत माझ्यासमोर. हो, आत्ता. देते.

घ्या. मी आता काही बोलत नाही.