तापल्यावर धरणारे ब्रेक

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारीच मिस्त्री आणि एक वयस्कर गृहस्थ बोलत बसले होते.

“ब्रेक नवेकोरे होते म्हणता, मग माझा पोरगा गेला कसा?”

“काका, ते रेसच्या ट्रॅकवर गाडी पळवताना लावायचे ब्रेक पॅड. तापले की करकचून धरतात. थंड असले की गाडी थांबता थांबत नाही.”

“त्याला ठाऊक नव्हतं?”

“चांगलं ठाऊक होतं. ट्रॅकवरून आलास की आधी साधे पॅड बसवून घे, असं बजावलं होतं मी.”

“दुपारी येणारच होता हो तुमच्याकडे.”

“मग सकाळी गाडी काढलीच कशाला?”

“कोपऱ्यावरून दूध आणायला. मिस्त्री, घरी आलात तर हे पॅडचं बोलू नका. ‘चालत कशाला जातोस, गाडी दारातच आहे,’ असं त्याची आई म्हणाली होती.”