गजावरचं नाव

म्या सास्तूरची. आमचं घर सुताराचं, आबा बैलगाड्या करायचे, आन म्या पोरगी असून त्यांच्या पटाशीपाशी बसायची. आई हाका मारायची भाकरी थाप म्हनून, पन म्या आपली तिथंच, कारन आबा लाकूड हातात घेतलं की आधी त्याची रेघ बघायचे, कुठून निघती, कुठं जाती, आन मला म्हनायचे बघ कमल, रेघ जिथं बाहेर पळती तिथंच मोडतंय. भूकंपात घर गेलं, आमची मानसं वाचली. गाव नवं बसलं, ट्रॅक्टर आले, मंग गाड्या कोन करून घेतंय. माझं लगीन झालं, मालक पुण्यात टेम्पो चालवायचे, म्या बी गेले आन धुनंभांडी धरली.

त्यात एक घर एमील साहेबांचं. काय सांगू तुमाला त्यांचं. फ्रान्सचे. व्हायोलिन ज्या काडीनं वाजवत्यात ना, तिला गज म्हनत्यात, साहेब ते गज बनवायचे. नुसते गज, व्हायोलिन करनारे येगळे. पंधराव्या वर्षापासून तेच, तिकडं त्यांच्या गावात गल्लीच हाय म्हने गजवाल्यांची. बायको पुण्याची, व्हायोलिन वाजवायची, ती वारली तरी साहेब इथंच राहिले. मराठी तिच्याकडनंच शिकले, सगळ्यांना अहो-जाहो करायचे, मांजरालासुदिक.

म्या झाडता झाडता बघायची. ब्राझील मुलखाचं लाल लाकूड, जड, त्याची करंगळीहून बारीक काडी काढायची, बोटाएवढ्या रंध्यानं, मंग ज्योतीवर शेकून शेकून आत वाकवायची, मंग घोड्याच्या शेपटीचे पांढरे केस इकडून तिकडं ओढायचे. सगळं मिळून साठ ग्रॅम. आबांच्या गाडीची एक खुटी याहून जड असायची. पन रेघ तीच की, गाडी असू दे न्हायतर गज.

एक दिवस टेबलावरची काडी बघून म्या म्हनलं साहेब, ही वरच्या टोकाला, डोक्यापाशी मोडंल. साहेब हसले, म्हनले कमलताई, मी चाळीस वर्षं हेच करतोय. आठ दिवसांनी त्यांनी तिला केस लावले, तानले, आन डोकं टकदिशी तुटलं ते उडून माझ्या बादलीत. साहेबांनी ते बादलीतनं काढलं, उजेडाला धरून त्याची रेघ बघितली. मंग म्हनले तुम्हाला कसं कळलं. म्या म्हनलं माझे आबा गाड्या करायचे. दुसऱ्या दिवशी गेले तर भांडी त्यांनीच घासून पालथी घातलेली, आन माझ्या हातात रंधा दिला.

लई वर्षं लागली. माझे पहिले गज त्यांनी गुडघ्यावर मोडले, माझ्यादेखत, राग न्हाय काय न्हाय, म्हनायचे हा नुसता दिसतो, वाजणार नाही. म्या घरी जाऊन रडायची. मालक म्हनायचे सोड की, भांडी काय वाईट हैत. पन सोडवंना.

मंग साहेबांचे हात थरथराया लागले. कप धरवंना, कानस कुठली धरायची. त्याच सुमाराला चेन्नईच्या एक बाई आल्या, मोठ्या वाजवनाऱ्या, त्यांना साहेबांचा गज पायजे होता. साहेबांनी तीन मांडले, दोन त्यांचे जुने, एक माझा, आन तिन्हीवर, करनाऱ्याच्या नावाचा ठसा मारत्यात त्या जागी, कागद गुंडाळला. म्या सैपाकघरात चहा ठेवला, पन कान बाहेर. बाईंनी एक वाजवला, दुसरा वाजवला, तिसरा वाजवला, आन परत तिसराच. म्या वळखला तो आवाज, चहा उतू गेला तरी कळलं न्हाय मला. बाई म्हनल्या हा. साहेबांनी कागद काढला, खाली कोरं लाकूड. मला हाक मारली, कमलताई, इकडे या. म्या पदराला हात पुसत गेले. साहेब म्हनले हा यांनी बनवलाय. बाईंनी माझ्याकडं बघितलं, गजाकडं बघितलं, मंग साहेबांशी इंग्रजीत काय तरी बोलल्या. साहेबांनी न्हाय म्हनून मान हलवली. बाई गेल्या, गज तिथंच.

म्या विचारलं काय म्हनल्या. साहेब म्हनले, त्यांना यावर माझं नाव हवं होतं. म्या म्हनलं मंग टाकायचं की, शिकवलं तुमीच, मला कोन वळखतंय. तवा साहेब पहिल्यांदा माझ्यावर चिडले. म्हनले मी शिकत होतो तेव्हा सात वर्षं माझ्या गजांवर कारखान्याच्या मालकाचं नाव पडलं, मला कोणी विचारलंही नाही. तुमच्या बाबतीत मी ते होऊ देणार नाही.

तिसऱ्या दिवशी बाई परत. या वेळी साहेबांकडं न्हाय, सरळ माझ्याकडं आल्या, हिंदीत म्हनल्या दुसऱ्या कुठल्या गजानं आता हात चालंना, तुमचं नाव टाका आन मला द्या. साहेबांनी ठसा करून आनला, आपल्या मराठी अक्षरात, कमल. तो तापवून काडीवर दाबायचा असतोय, एकदाच, हलला की गज वाया. साहेबांचा हात थरथरत होता म्हनून म्याच दाबला. हलला न्हाय. बाईंनी त्यावर बोट फिरवलं, आन साहेब खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

आता साहेब फ्रान्सला बहिनीपाशी असत्यात. जाताना सगळी हत्यारं आन लाकूड मला दिलं. मालकांनी टेम्पो इकला, आमी सास्तूरला आलो, भावानं वसरीला खोली जोडून दिली. माझे गज चेन्नईला जात्यात, कलकत्त्याला जात्यात, आन दोन तर साहेबांच्याच गावात गेले. परवा फोनवर साहेब सांगत होते, त्या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या गजवाल्यानं माझा गज बोटावर तोलला, डोळे मिटून वाकवून बघितला, आन म्हनला ही अक्षरं मला वाचता येत न्हाईत, पन हात वाचता येतोय.

साहेबांचे हात आता अगदीच थकले. माझे चालत्यात. अजून धा वर्षं असेच चालू देत देवानं, तेवढं लाकूड हाय माझ्यापाशी.