गिरजामावशीच्या गाडीची उत्तरपूजा

मंडळी, जरा सावरून बसा. जे भिंतीला टेकलेत त्यांनी टेकूनच ऐका, पण डोळे उघडे ठेवा! पूर्वरंगात आपण समाधानाचा विचार केला. आहे त्यात गोड मानावं, हाव धरू नये. तुम्ही सगळ्यांनी माना डोलवल्यात, मी बघितलंय. आता तुम्हाला जरा अडचणीत टाकतो. आपण म्हणतो, पदरी पडलं आणि पवित्र झालं. बरं! पण कुणी फसवून काही पदरात टाकलं, तर तेही पवित्र? तेव्हा गप्प बसणं म्हणजे समाधान, क्षमा, की नुसती भीती? आणि उठून आपल्या हक्काचं मागितलं, तर तो लोभ का?

बघा, आता एकाचीही मान हलत नाही. पेटीवाले अण्णांनी तर भात्यावरचा हातच काढला. असू द्या, उत्तर मी देत नाही. उत्तर गिरजामावशी म्हेत्रे देईल.

ही गिरजामावशी कोण, ते तुमच्या पोटाला विचारा! लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, या पंचक्रोशीत चुलीपुढं उभी असते ती हीच. हाताखाली सुनेसकट चार बायका. मावशी सगळ्यांचीच, म्हणून मी तिला अगं-तुगं बोलतो, राग मानू नका. तिची एक रीत आहे. पंगत बसली, पानं वाढून झाली, की ती पदराला हात पुसत पंगतीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापुढं जाऊन उभी राहते आणि विचारते, काय चुकलं? कुणी म्हणालं मीठ जास्त, तर ती त्याला हात जोडते. एकदा एका आजोबांनी बासुंदीचा पहिला घोट घेतला आणि हळूच म्हणाले, पोरी, वास येतोय. मावशीनं तिथल्या तिथं अख्खं पातेलं ओतून दिलं. ते आजोबा गेले, पण पितृपंधरवड्यात मावशी आजही त्यांच्या नावानं एक वाटी बासुंदी ठेवते. म्हणते, सांगितलं नसतं तर अख्खं वऱ्हाड दवाखान्यात गेलं असतं!

अशा या मावशीनं एक गाडी घेतली. जुनीच, पण ऐसपैस व्हॅन. आजवर टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून भांडी न्यायची. तो कधी यायचा, कधी यायचाच नाही. सून रोहिणी गाडी चालवायला शिकली. तालुक्याला विलासशेठ टोणपे जुन्या गाड्या विकतात, त्यांच्या आवारातून ही पांढरी व्हॅन आली. मावशीनं शेठना एकच विचारलं, गाडी बरी आहे ना? शेठनी छातीवर हात ठेवला. अपघात तर सोडाच, म्हणाले, अंगावर ओरखडा नाही!

मग पूजा! झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक, नारळ आणि चार चाकांखाली चार लिंबं. रोहिणीनं गाडी पुढं घेतली. तीन लिंबं फटाफट फुटली. आणि चौथं? डाव्या पुढच्या चाकाखालचं चौथं लिंबू चाकाखालून निसटलं आणि टुणकन बाजूला जाऊन पडलं. अख्खंच्या अख्खं! बायकांनी टाळ्या वाजवल्या. शुभशकुन म्हणे, गाडीला नजर लागायची नाही! मावशीनं ते लिंबू पदरानं पुसून देवापुढं ठेवलं. अहो, चाक तिरकं होतं! लिंबू बिचारं ओरडून सांगत होतं, आणि आपण त्याला फूल वाहत होतो.

पुढं काय व्हायचं तेच झालं. गाडी डावीकडं ओढायला लागली. टायर एका बाजूनं झिजला, बदलला, तोही झिजला. मागचं दार लागेना, ते सुतळीनं बांधायचं. मावशी दोनदा शेठकडं गेली. शेठनी दोन्ही वेळा बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, मावशी, जुनी गाडी आहे, थोडं चालायचंच. चहा मात्र फक्कड होता हो.

एके दुपारी लग्न उरकून पाचही जणी परत येत होत्या. रिकामी पातेली, दमलेल्या बायका, एकीला डुलकी लागलेली. कालव्याच्या कडेला गाडीनं एकदम डावी धरली. रोहिणीनं सगळं बळ लावून स्टिअरिंग फिरवलं, पण गाडी ऐकेना. खाली पाणी किती ते तुम्हाला ठाऊक आहे. कडेला एक बाभूळ होती, तिला गाडी जाऊन अडली. बस! पाच जीव एका बाभळीनं अडवले. मावशीनं सगळ्यात आधी काय केलं असेल? डब्यातून हळद-कुंकू काढलं, बाभळीला लावलं आणि तिच्या खोडाला धरून रडली.

गॅरेजवाल्या दस्तगीर मिस्त्रींनी गाडी वर उचलली आणि मावशीला खाली वाकून बघायला सांगितलं. नवा काळा रंग खरवडला, तर आत मोडलेल्या सांगाड्याला वेल्डिंगचा जोड. गाडी आधी एकदा चांगलीच मोडलेली होती आणि वरून रंग फासून विकली होती.

रोहिणी भडकलीच. म्हणाली, आत्याबाई, उद्याच्या उद्या गाडी परत करायची. आणि मावशी काय म्हणाली? नाही म्हणाली! अगं, पूजा केलेली गाडी. लक्ष्मी म्हणून दारात आणली. लक्ष्मी परत करतात का? आपलं नशीब, पदरी पडलं! तिनं गाडीवर ताडपत्री टाकली आणि पुन्हा टेम्पोवाल्याच्या दारात उभी राहायला लागली. हसताय? तुमच्या माळ्यावर न चालणारा मिक्सर आहे की नाही ते आधी बघा!

विलासशेठच्या कानावर सगळं गेलं. ते स्वतः आले. म्हणाले, मावशी, वाईट वाटलं. मी असं करतो, तुम्हाला गिऱ्हाईक मिळवून देतो. तुम्ही तुमच्या किमतीला विका. फक्त त्या जोडाचं बोलू नका. अळीमिळी गुपचिळी! मावशी गप्प राहिली. गप्प राहिली याचा अर्थ शेठनी होकार असा घेतला.

गिऱ्हाईक आलं. तरुण नवरा-बायको, बाईच्या कडेवर तान्हं लेकरू. नवरा गाडीभोवती फिरून बघत होता. बाईनं हातातली पिशवी ओट्यावर ठेवली, ती कलंडली, आणि तिच्यातून काय बाहेर आलं? एक नारळ, कुंकवाची पुडी आणि चार लिंबं. मावशी त्या लिंबांकडं बघत राहिली. बाई हसून म्हणाली,

“मावशी, गाडी बरी आहे ना?”

मंडळी, हाच प्रश्न! याच शब्दांत मावशीनं शेठना विचारला होता. तिच्या जिभेवर काय काय आलं असेल! हो म्हटलं की टेम्पोवाल्याच्या पाया पडणं संपलं, सगळं निभावलं. आणि कालव्याच्या कडेला दर वेळी बाभूळ असतेच असं थोडंच आहे? मावशीनं ते लेकरू स्वतःकडं घेतलं आणि म्हणाली,

“नाही बाळ. ही गाडी बरी नाही. घेऊ नकोस.”

ती दोघं गेली, तेव्हा मावशीला कळलं. आपण याला समाधान म्हणत होतो, आणि त्या समाधानाआड दुसऱ्याचा जीव जाणार होता. ती तशीच उठली आणि रोहिणीला घेऊन शेठच्या आवारात गेली. शेठ म्हणाले, जशी आहे तशी घेतली, तुमची सही आहे. जुन्या गाडीला कसली आलीय हमी? तेव्हा मावशी शांतपणे बोलली. काय बोलली ते नीट ऐका.

“शेठ, शिळ्या भाताचा फोडणीचा भात मीपण करते. पण फोडणीचा भात म्हणूनच वाढते. आंबलेल्या भातावर कढीपत्ता टाकून ताजा म्हणून वाढत नाही. गाडी जुनी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही मोडलेली गाडी धड म्हणून दिलीत, त्याबद्दल आहे.”

आहे का उत्तर? शेठ चिडले आणि म्हणाले, जा कुठं जायचं तिथं.

आता ‘कुठं जायचं’ हे तुम्हालाही माहीत असू द्या, कीर्तनात सांगायला काही हरकत नाही! रोहिणीनं सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथं नीट सांगितलं: जुनी वस्तू घेणाराही ग्राहकच. दोष लपवून विकलं तर विकणारा जबाबदार. आधी त्याला लेखी कळवा, नाही ऐकलं तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडं जा. वकील असलाच पाहिजे असंही नाही. गेल्या दोघी! शेठच्या बाजूनं सांगितलं गेलं की गाडी धंद्यासाठी घेतली, ही ग्राहकच नाही. मावशीनं आपले भाजलेले हात पुढं केले आणि म्हणाली, साहेब, धंदा म्हणजे हे दोन हात. आणि कायदाही तेच म्हणतो, बरं का! स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू असेल, तर तो माणूस ग्राहकच. गाडी तपासली गेली, जोड सापडला. वेळ लागला, खेटे पडले, पण निकाल लागला. शेठनी गाडी परत घ्यायची, किंमत परत द्यायची, वर झालेल्या त्रासाची भरपाई.

गाडी न्यायला माणसं आली. पण लक्ष्मीचं काय? मावशीला तोडगा सापडला होता. आपण गणपती आणतो, मग त्याला निरोप कसा देतो? उत्तरपूजा करून! मावशीनं गाडीची उत्तरपूजा केली. टपावर हळद-कुंकू वाहिलं, दहीभाताची शिदोरी ठेवली, गाडीवरून हात फिरवला. म्हणाली, बाई, त्या दिवशी तू बाभळीपाशी थांबलीस, पाचही जणींना घरी आणलंस, तुझे उपकार. आता कुणाच्या जिवावर उठू नकोस. आणि नेणाऱ्याला सांगितलं, शेठना माझा निरोप द्या, हिला पुढं विकू नका.

झालं? नाही, खरी गोष्ट पुढंच आहे. काही दिवसांनी मावशी एका साखरपुड्याचा स्वयंपाक करत होती, आणि चुलीपाशी विलासशेठ येऊन उभे राहिले. बायकांना वाटलं भांडायला आले. तर त्यांनी आधी पायातल्या चपला काढल्या. निरोप मिळाला तेव्हा शेठना राग आला होता, पण त्यांनी गाडी भंगारात काढली. कामगारानं त्या जोडात पहार घातली, आणि एका झटक्यात जोड सुटून आला.

“मावशी,” शेठ म्हणाले, “मी कधी खाली वाकून बघितलंच नव्हतं. न बघणंच सोयीचं होतं. तुम्ही गप्प बसला असता, तर ही गाडी पुढं घेणाऱ्याचा जीव माझ्या हातून गेला असता. तुम्ही माझ्यावर तक्रार केलीत, हे तुमचे माझ्यावर उपकार आहेत.” आणि वाकले हो, चुलीच्या धुरात, सगळ्यांसमोर!

मावशीनं त्यांना जेवू घालूनच पाठवलं. आज त्यांच्या आवारात एक खड्डा खणलाय. गाडी त्यावर उभी करतात, आणि गिऱ्हाइकाच्याच मिस्त्रीला खाली उतरून बघू देतात. शेठ म्हणतात, आधी खड्डा, मग नारळ. मावशीची आत्ताची गाडी कुठून घेतली असेल? त्यांच्याकडूनच! देवळाबाहेर पिंपळाखाली लावलीय, जाताना बघा. तिची चारही लिंबं फुटली.

तर मंडळी, सापडलं उत्तर? हक्काचं मागणारा लोभी नसतो. तो मागून येणाऱ्याची वाट सुरक्षित करतो, आणि चुकणाऱ्यालाही पापातून ओढून काढतो. देवानं आपल्याला जीभ दिली ती नुसती चव घ्यायला नाही. खरं सांगण्यासाठी जी जीभ उचलली गेली, तिचे आभार मानायला शिका, आणि आपलीही जीभ कधी तशी उचला.

आता पोथी बांधू. मागच्या ओसरीत महाप्रसाद शिजलाय, वास इथवर आलाय, पेटीवाले अण्णांचं लक्ष केव्हाच तिकडं गेलंय. शिधा विलासशेठनी दिलाय, आणि रांधणारी कोण ते सांगायला नको. पानं वाढून झाली की ती पदराला हात पुसत तुमच्यापुढं येईल आणि विचारेल, काय चुकलं? तेव्हा माना डोलवून नुसतं छान छान म्हणू नका. मीठ कमी असेल तर कमी आहे म्हणा. ती तुम्हाला हात जोडेल.

तिनं हात जोडले की तुम्हीही जोडा.