ऐकत नाहीत म्हणे!

अध्यक्ष डॉ. कारखानीस साहेब, मंचावरचे विश्वस्त, परिचारिका भगिनी, मुलुंड-नाहूरहून आलेले रुग्ण, त्यांच्या घरचे आणि आज जिला निरोप द्यायचा ती श्रुतिका, सर्वांना नमस्कार.

मी मालन राणे. भाषणाची सवय नाही. श्रुतिकाबद्दल दोन गोड शब्द बोला, असं मला सांगितलंय. बोलते. पण सगळेच गोड निघतील, याची खात्री नाही.

श्रुतिका अप्लाइड हेल्थ सायकॉलॉजीत एम.ए. करत होती. प्रशिक्षणासाठी या रुग्णालयात बसायची, जिन्याखालच्या खोलीत. आमच्या शेजारणीने मला विचारलं, "वेड्यांची डॉक्टर ना गं ती?" मी म्हटलं, "नाही गं बाई, शहाण्यांची. औषध समोर असून माणूस ते का घेत नाही, हे शिकतेय." त्यावर ती हसली. "त्याला कॉलेज कशाला लागतं? दोन शिव्या घाल, घेतो की नाही बघ!"

शिव्या घालून झाल्या होत्या हो! माझे यजमान धर्मा टेम्पो चालवायचे. हृदय कमजोर, पायांना सूज. तपासणीला आलो की डॉक्टर त्यांच्यासमोरच मला म्हणायचे, "हे ऐकत नाहीत." नर्सताई म्हणायच्या, "काका ऐकत नाहीत हां!" मग मीही तेच घोकायला लागले. हे मान खाली घालून बसायचे.

श्रुतिकाने पहिल्याच भेटीत विचारलं, "काका, गोळी घेतली की तुमचा दिवस कसा जातो?"

हे आधी लाजले. मग म्हणाले, "पोरी, ती लघवीची गोळी. सकाळी घेतलंय की सारखा जावचा लागता. पवईच्या ट्रॅफिकात भरलेलो टेम्पो सोडून जाव खंय?"

संसार केला मी त्यांच्याबरोबर, पण हे माझ्याही कानावर आलं नव्हतं. श्रुतिका डॉक्टरांशी बोलली, गोळीची वेळ बदलली आणि हे ती नेमाने घ्यायला लागले. पण तोवर हृदय थकलं होतं. गेले. कुणावर आरोप करत नाही. एवढंच म्हणते, तो प्रश्न आधी का नाही कुणी विचारला?

हे गेल्यावरही मी त्या खोलीत येत राहिले. श्रुतिकाने दिलेली पुस्तकं वाचत राहिले. मी सातवी शिकलेली. अडलं की तिला विचारायचे. तिथे कुणी घड्याळ बघत नसे.

आणि परवा कळलं, श्रुतिकाची पदवी झाली, आता ती खोली सलाइनचे स्टँड ठेवायला घेणार. "रुग्णांशी बोलायला वेगळं माणूस कशाला?" असं कार्यालयात म्हणाले. मग ही शाल कशासाठी, साहेब? तिचं काम चांगलं होतं म्हणूनच ना? मग ते बंद का? ही पोरगी इथेच राहायला तयार आहे, तिने तुम्हाला तसं सांगितलंय. टाळ्या नंतर वाजवा हो, मला उत्तर हवंय!

खोलीची किल्ली तिच्या पर्समध्ये आहे. कार्यक्रम झाला की तिने ती जमा करायची आहे. साहेब, ती घेऊ नका.

श्रुतिका, बाळा, तुझे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. मंडळी, तुम्ही शांतपणे बसलात, तुमचेही आभार. निरोपाच्या दिवशी मी भांडले, ते पोटात घाला. पण साहेब, किल्लीचं तेवढं ऐका. नाहीतर जिन्याखालून जाताना आम्ही तुमच्याबद्दल काय म्हणायचं? हे ऐकत नाहीत?