मिठीनंतरची खुर्ची

नम्रता : हळू बोला ना काकू! आई आत कुरडया तळतेय. झाऱ्याचा आवाज थांबला की तिला इकडचं सगळं ऐकू जातं.

दुर्गाबाई : बरं बाई, हळू बोलते. पर मला सांग, भर दुपारी तुझ्या आईनं धानोरीवरनं मला टीव्ही बघायला बोलावलंय? माझ्या घरी टीव्ही नाय का? आठ दिवस अबोला धरला, आणि परवा फोन करून म्हंते, "रविवारी चारला ये, तुला एक दाखवायचंय." दिला ठेवून. मला वाटलं, बस्त्याच्या साड्या बघायच्या असतील तिला. पिशवी घेऊन आलेय बघ.

नम्रता : ती पिशवी आधी सोफ्याखाली ढकला! बस्त्यावरनंच तर सगळं बिनसलंय. प्रियाच्या लग्नाचा बस्ता बांधलात आणि थोरल्या जावेला साधं विचारलंसुद्धा नाही.

दुर्गाबाई : अगं, मुलाकडची माणसं अचानक लक्ष्मी रोडला येऊन उभी! त्यांना काय सांगू, थांबा उन्हात, माझी जाऊ विश्रांतवाडीवरनं निघालीय? फोन लावला, तर तुझ्या आईचा बंद.

नम्रता : ती विहारात होती. तिथे ती बंदच ठेवते.

दुर्गाबाई : मग चूक कुणाची?

नम्रता : कुणाची का असेना! ती म्हणतेय, "मी लग्नाला येईन. पाहुणी म्हणून येईन, शेवटच्या रांगेत बसेन, जेवेन आणि निघेन." हळदीला येणार नाही म्हणतेय काकू. प्रिया काल फोनवर किती रडली माहितीय?

दुर्गाबाई : माझ्यापुढं काय हसते व्हय? मोठ्या आईनं लावल्याबिगर हळद लावून घेणार नाय म्हंते. पाटावर बसणारच नाय म्हंते.

नम्रता : म्हणून सांगते, आज सगळं नीट पार पडायला हवं. तुम्हाला ती 'डेथ यार्ड' आठवते? अमेरिकेतली कुस्ती. आपल्याकडे केबल नवीन आली तेव्हा लागायची.

दुर्गाबाई : ती व्हय? ट्यूबलाइटा फोडायच्या डोक्यावर, काटेरी तारा गुंडाळायच्या? कुस्ती कसली ती, भंगाराचं दुकान.

नम्रता : तीच. मधे बंद पडली होती, आता परत सुरू होतेय. म्हणून चॅनेलवाले आधी जुने एपिसोड दाखवतायत. आणि आज मिठीचा एपिसोड आहे, तोच आईला तुम्हाला दाखवायचाय.

दुर्गाबाई : कसली मिठी?

नम्रता : सांगते. पण आधी रागावणार नाही म्हणा.

दुर्गाबाई : आधी सांग. राग मग बघू.

नम्रता : तेव्हा तुमचं आणि आईचं बोलणं नव्हतं. त्या मिक्सरच्या भांड्यावरनं.

दुर्गाबाई : त्याला आधीच तडा होता.

नम्रता : काकू, प्लीज! तो मॅटर क्लोज झालाय. तर, बाबा सेकंड शिफ्टला असायचे आणि आई ही कुस्ती लावायची. तिला फार आवडायची. पण कोण कुणाला कशासाठी मारतंय ते कळल्याशिवाय हिला चैन पडायचं नाही. कॉमेंट्री इंग्रजीत. घरात इंग्रजी शाळेतली मी एकटी. मग मी सांगायचे.

दुर्गाबाई : बरं मग?

नम्रता : मग काय! ते खरं आईला सांगण्यासारखं होतं का? तो क्रशर कोल आणि तो मॅड मॉरिस, दोघे त्या लोलापायी मारामारी करायचे. ती आज याच्याबरोबर, उद्या त्याच्याबरोबर. मी आठवीत होते हो. आईसमोर काय सांगणार? मी म्हटलं, हे दोघे सख्खे भाऊ आहेत. हा थोरला, हा धाकटा. आणि लोला त्यांची बहीण.

दुर्गाबाई : बहीण? त्या एवढ्याशा कपड्यात?

नम्रता : माहेरपणाला आलीय म्हटलं. तिकडे उकाडा फार.

दुर्गाबाई : अगं माझ्या कर्मा!

नम्रता : आणि भांडण कशावरून, तर धाकट्यानं थोरल्याची गाडी मागून नेली आणि फोडून आणली. आता तो म्हणतो, आधीच फुटली होती.

दुर्गाबाई : थांब. ही माझी गोष्ट हाय.

नम्रता : तुमचीच. मुद्दाम केलं मी. प्रिया आणि मी एका बाकावर बसायचो, शाळा सुटली की ती तिकडे, मी इकडे. विहारातसुद्धा तुम्ही दोघी सतरंजीच्या दोन टोकांना. मला प्रियाकडे खेळायला यायचं होतं! मग मी दर आठवड्याला सांगायचे, आई, बघ, थोरल्याला आतून वाईट वाटतंय. आई, धाकटा म्हणतोय, थोरल्यानं एकदा हाक मारली तर पळत येईन. आई डोळ्याला पदर लावून बघायची. आणि एका आठवड्यात खरंच, भर रिंगणात, थोरल्यानं धाकट्याला मिठी मारली.

दुर्गाबाई : आणि मग?

नम्रता : मग आई उठली. पुरणाचं पातेलं चढवलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात.

दुर्गाबाई : म्हंजे ती कुस्ती बघून आली होती?

नम्रता : तसं नाही हो...

दुर्गाबाई : मी एवढी वर्षं सगळ्यांना सांगत फिरते. थोरली असून आपल्या पायानं आली, डबा पुढं केला, म्हणाली "पोळ्या गरम आहेत, खाऊन घे." मी त्या दिवशी मोरीत जाऊन रडले होते गं. मला वाटलं, माझ्या आठवणीनं आली. ती त्या उघड्या टोणग्याच्या आठवणीनं आली व्हय?

नम्रता : तुमची आठवण होतीच तिला. फक्त निमित्त नव्हतं. ते मी दिलं. आणि खरा प्रॉब्लेम पुढेच आहे. ती मिठी खोटी होती.

दुर्गाबाई : आता आणि काय खोटं?

नम्रता : थोरल्यानं मिठी मारली, धाकटा रडला, आणि धाकट्यानं पाठ वळवल्याबरोबर थोरल्यानं लोखंडी खुर्ची घातली पाठीत. नंतर लाथा. मी खुर्ची बघितली मात्र, केबलची वायर उपटली. आईला म्हटलं, गेली केबल. तिनं मिठीपुढचं काही बघितलेलंच नाही. आता आमच्याकडे डिश, वायर कपाटामागे, कपाट हलत नाही. आणि हे सगळं आता हिंदीत आहे! आई हिंदीत फळवाल्याशी भांडते काकू. तिला शब्दन् शब्द कळणार.

दुर्गाबाई : आणि त्या खुर्चीखाली माझ्या पोरीची हळद.

नम्रता : म्हणून म्हणते, मिठी झाली की तुम्ही चक्कर आल्यासारखं करा. मी टीव्ही बंद करते.

दुर्गाबाई : मला? चक्कर? साऱ्या जन्मात आली नाय. तुझी आईच म्हणेल, नाटकं करू नको, ऊठ.

विमलाबाई : (कुरडयांची परात घेऊन आतून येत) कसली नाटकं? आलीस का दुर्गा? बस. अशी पाहुण्यासारखी कडेला काय बसलीस? अर्थात, पाहुणी कोण आणि घरातलं कोण, हे हल्ली लक्ष्मी रोडवर ठरतं म्हणा.

दुर्गाबाई : ताई, तुमचा फोन...

विमलाबाई : मी काही विचारलंय का? कुरडई घे. नमू, आवाज वाढव. आज मी काही बोलणार नाही. जे काही सांगायचं ते टीव्ही सांगेल. थोरली माणसं कशी वागतात, ते जरा बघून घे म्हणजे झालं.

(टीव्हीतून शिट्ट्या आणि घंटेचा आवाज. कुरडयांची परात तिघींच्या मध्ये.)

दुर्गाबाई : तो टकला कोण?

विमलाबाई : तो थोरला. दिसायला आडदांड, पण मनानं लोणी. आणि हा शेंडीवाला धाकटा. गुणी आहे, फक्त दुसऱ्याची वस्तू जपून वापरायची सवय नाही.

दुर्गाबाई : वस्तू आधीच फुटकी असंल.

नम्रता : काकू, कुरडई घ्या ना!

विमलाबाई : ही त्यांची बहीण. बघ, आली. अगं बाई, हा हिंदीवाला काय म्हणतोय? हिला त्याची 'जानेमन' म्हणतोय! बहिणीला?

नम्रता : डबिंगवाले ना आई, काहीही करतात. स्क्रिप्ट न वाचताच बोलतात.

विमलाबाई : नात्यांची पोचच नाही मेल्यांना. तू किती छान सांगायचीस. बरं, आता बघ दुर्गा. आता नीट बघ. थोरला आपणहून पुढे येतो हं. मानपान धरत नाही. मी थोरला, मी कशाला जाऊ, असलं काही मनात नाही. बघ, हात पसरले. बघ!

दुर्गाबाई : अगं बया. रडतोय की तो धाकटा.

विमलाबाई : रडणारच. रक्ताचं नातं असं तुटत नसतं. झालं, एवढंच दाखवायचं होतं तुला. आता कोण थोरलं, कोण धाकटं, आणि कुणी काय करायचं, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

नम्रता : संपलं! छान होतं. बंद करते हं. काकू, तुम्हाला बरं वाटत नाहीये ना? काकू? चेहरा किती उतरलाय!

दुर्गाबाई : मला काय धाड भरलीय? ऱ्हाऊ दे चालू.

नम्रता : काकू!

दुर्गाबाई : ऱ्हाऊ दे म्हंते ना.

विमलाबाई : पुढे आहे का अजून? तेव्हा तर केबल गेली होती. हा थोरला मागे कुठे निघाला? खुर्ची कशाला उचलली त्यानं? अगं, अगं, अगं! दुर्गा, पाठीत घातली गं त्याच्या! थोरल्यानं!

नम्रता : आई, ते काय आहे ना...

विमलाबाई : 'धोका' म्हणतोय हा हिंदीवाला. 'सब नाटक था' म्हणतोय. नमू, हे काय चाललंय?

नम्रता : आई, मी सांगते, म्हणजे तेव्हा मी...

दुर्गाबाई : तू गप. मी सांगते. ताई, तो थोरला त्याला खुर्ची देतोय.

विमलाबाई : देतोय?

दुर्गाबाई : बसायला. धाकटा रडून रडून दमला ना. थोरला म्हणाला, बस बाबा. घाईत लागली जरा.

विमलाबाई : आणि ह्या लाथा?

दुर्गाबाई : उठवतोय. आडदांडच तो, तुम्हीच म्हणालात. त्याला हळू काय जमतंय?

विमलाबाई : असं होय. आणि तो धाकटा खाली पडून काहीतरी पुटपुटतोय ते?

दुर्गाबाई : ते व्हय? तो म्हंतोय, चूक माझी हाय. फोन बंद होता म्हणून काय झालं, रिक्षा करून बोलवायला माणूस धाडायला पायजे होता. थोरल्याबिगर बस्ता बांधला, तवापासून घास गोड लागत नाय म्हंतोय.

विमलाबाई : अमेरिकेत बस्ता बांधतात?

दुर्गाबाई : बांधत असतील. तिकडं काय लोक उघड्यानं लग्न लावत्यात?

विमलाबाई : आणि भांड्याचं काही म्हणतोय?

दुर्गाबाई : भांड्याला तडा आधीच होता म्हंतोय. त्यात तो मागं सरायचा नाय.

विमलाबाई : मला हिंदी कळतं गं दुर्गा.

दुर्गाबाई : माहीत हाय मला.

विमलाबाई : नमू, आवाज बंद कर. पूर्ण बंद कर. ह्या हिंदीवाल्यापेक्षा हिचं बरं वाटतं कानाला. बरं, मग काय गं, थोरला काय म्हणाला त्यावर?

दुर्गाबाई : ते मी कसं सांगू? धाकट्याचं मला कळतं. थोरल्याचं तुम्ही सांगा.

विमलाबाई : थांब, बघू दे. मान खाली घातलीय त्यानं. खुर्ची ठेवली खाली.

नम्रता : काय म्हणतोय, आई?

विमलाबाई : म्हणतोय, ती सोफ्याखाली ढकललेली पिशवी काढ, साड्या बघू. आणि हळदीला पहाटेच येतो. वाटणाला माझा मिक्सर घेऊन येतो.