फोटो हाय का?

मी दिंद्रुडची. बापाचं किराणा दुकान, पुड्या बांधायला रद्दी यायची, ती वाचून वाचून वाटायला लागलं, आपणबी लिवावं. नवरा शाळामास्तर, म्हणला लिव की. झाले बीडच्या एका पेपरची वार्ताहर. काय सांगू तुम्हाला, लई ऐट! खांद्याला पिशवी, डोळ्याला काळा चष्मा, तोबी सावलीत. बायका म्हणायच्या, मास्तरीणबाईला दिसंना का काय.

पण बातमी म्हंजी काय, तर अपघात, विहिरीत सापडलेली सून, वीज पडून गेलेलं माणूस. मयताचा फोटो पायजेच, न्हाईतर हापिसातून बोलणी. मग त्या घरी जायचं, दारात चपला काढायच्या अन् हळूच म्हणायचं, फोटो हाय का? आई पेटी उघडायची, फोटो पदरानं पुसायची, माझ्या हातात द्यायची. मी ताठ मानंनं येष्टीत बसायची अन् घरी आले की हातातली कपबशी वाजायची. नवरा म्हणायचा, थंडी वाजली व्हय? मी म्हणायची, हो. भर वैशाखात थंडी! एवढी शहाणी मी.

काम सुटलं, भ्या सुटलं न्हाई. आता नात, सुमी, रोज येष्टीनं बीडला जाऊन तेच काम करती. परवा दुपारी मी शेंगा फोडत बसलेले, एक अनोळखी माणूस गाडीवरून उतरला, दारात चपला काढल्या, हळूच म्हणला, आजी, मी सुमनताईंच्या पेपरातला. त्यांचा एखादा फोटो हाय का?

सूप सांडलं. मी उठले, पेटी उघडली, फोटो काढला, पदरानं पुसला. रडू म्हणून येईना. त्याच्या हातात देत इचारलं, कशात गेली रं माझी बाय?

तो पांढराफटक. अवो आजी, त्या कामावर हायत, नव्या ओळखपत्राला आजच्या आज फोटो पायजे, मी इकडं बाजाराच्या बातमीला आलतो तर घेऊन ये म्हणल्या. फोन लाव आधी, म्हणलं. सुमी बोलली तवा त्याला पोटभर शिव्या घातल्या, मग चहा दिला.

सांजच्याला सुमी आली. तिच्या हातातली कपबशी वाजत होती. कावून गं, थंडी वाजती का? म्हणली, हो आजी. मी कप काढून घेतला, दोन्ही हात धरले, म्हणलं, थंडी न्हाई ही, बाय. कुणाच्या घरून आलीस, सांग. मग ती रडली, लई रडली.

रोज येष्टी येईस्तोवर उंबऱ्यावर बसती मी, जीव मुठीत धरून. देव तिला सुखरूप ठेवो, तुम्हालाबी.

काय म्हणता? लिवल्यासंगं माझा फोटो पायजे? न्हाई मिळायचा बाबा. घरातले सगळे फोटो ज्वारीच्या कणगीत तळाला घातलेत. कुणी मागितले तर सापडायला नगं.